जाळी कुणासाठी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एसीच्या सर्व्हिसिंगला एक मुलगा आला होता. बाबांच्या पलंगावर जुनी चादर पसरली, स्टूल ठेवलं, त्यानं मेन स्विच बंद केला आणि इनडोअर युनिटचं पांढरं झाकण वर उचललं. आतल्या दोन्ही जाळ्या हलकेच वर ढकलून खाली ओढल्या आणि मागे न पाहताच माझ्या हातात दिल्या. होळीनंतर धुऊन लावलेल्या जाळ्या त्या. पण मधल्या काळात एसी दिवसरात्र चाललेला, आणि समोरच्या रस्त्याचं काम चालू. जाळीवर करड्या रंगाचा सलग थर बसला होता. नखानं एक कोपरा उचलला तर तो फाटला नाही, सोलून निघाला, आणि बोटांना अगदी मऊ लागला. बाबांना दमा आहे. हा एसी घरात आला तो त्यांच्यासाठीच. थर पाहून माझ्या तोंडून निघून गेलं, "बरं आहे ही जाळी आहे, नाहीतर हे सगळं बाबांच्या छातीत गेलं असतं." तो टॉर्च मारून आतला ब्लोअर बघत होता. तिथूनच म्हणाला, "ताई, हे जाळी आपल्यासाठी नसते, मशीनसाठी असते. आपल्या छातीत जाते ते याच्यातून निघून जाते." आणि त्यानं जेट पंपाचा पाइप मागितला.

ते वाक्य तेव्हापासून माझ्या मागे लागलं आहे.

तो खरं तेच बोलत होता. जाळी काढली की मागे कूलिंग कॉइल दिसते. तांब्याच्या नळ्या, आणि त्यांवर अल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, वहीच्या पानांसारख्या एकमेकींना लागून. बोट फिरवलं तर कापतं. खोलीतली हवा या पट्ट्यांच्या फटींतून जाते आणि गार होऊन खाली येते. हवेतला दमटपणा तिथेच पाणी होऊन पट्ट्यांवर जमतो आणि खालच्या ट्रेमधून ड्रेन पाइपनं बाहेर जातो. या ओल्या फटींत धूळ गेली तर तिचा चिखल होतो आणि फटी बुजतात. मग हवा कमी जाते, कॉइल शून्याच्या खाली उतरते, तिच्यावर बर्फ धरतो, आणि एसी बंद केला की तोच बर्फ वितळून भिंतीवरून ओघळतो. जाळी तुंबली तरी पुढचं सगळं असंच घडतं. वीज जास्त जाते, कॉम्प्रेसर दमतो. हे होऊ नये म्हणून कॉइलच्या पुढे ती प्लॅस्टिकची जाळी बसवलेली असते. उजेडाकडे धरली की तिची भोकं नुसत्या डोळ्यांनी दिसतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो, तोही या जाळीत अडकतो तो लांब असतो म्हणून. ज्या कणांबद्दल डॉक्टर बोलतात ते अडीच मायक्रॉनचे आणि त्याहून लहान. त्यांच्यासाठी ही जाळी म्हणजे सताड उघडं दार. जाळी जे अडवते ते जाडंभरडं, कापसाचे तंतू, केस, मातीचे मोठे कण. तेवढं तर नाकातले केस आणि घशातला ओलावाही अडवतात. जे नाकाला चुकवून खाली फुप्फुसाच्या टोकापर्यंत उतरतं, ते जाळीलाही चुकवतं. जाळी धुताना आपण ज्याच्याकडे बघून नाक मुरडतो, त्याच्यापासून आपल्याला त्यातल्या त्यात कमी धोका असतो. भीती न दिसणाऱ्याची असायला हवी.

तरीही जाळी धुणं मला आवडतं, हे सांगितलं पाहिजे. आमच्याकडे दोन एसी. एक बाबांच्या खोलीत, एक हॉलमध्ये. दोन्हींच्या जाळ्या एकाच दिवशी काढल्या की एकाच छपराखालची दोन वेगळी घरं हातात येतात. बाबांच्या खोलीतली धूळ कोरडी, हलकी, करडी. गादी अजून कापसाचीच आहे, पिंजाऱ्याकडून भरून आणलेली, आणि ते दिवसातला बराच वेळ पलंगावर असतात. त्या थरात गादीचा कापूस आहे, सुती चादरींचे तंतू आहेत, बाबांचे पांढरे केस आहेत, आणि माणसाच्या अंगावरून रोज झडणारी कातडीची पापुद्रीही आहे. हॉलची जाळी चिकट. स्वयंपाकघर तिथून चार पावलांवर. फोडणीचा धूर, तेलाची वाफ, संध्याकाळची उदबत्ती, पावसाळ्यात मच्छरची अगरबत्ती, सगळं तिच्यावर पिवळट होऊन बसतं. ती नुसत्या पाण्यानं निघत नाही. भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब कोमट पाण्यात टाकून ठेवावी लागते. पाणी फार गरम घेतलं तर चौकट वाकते आणि मग ती खाचेत बसत नाही. बाबांची जाळी मात्र आधी कोरडीच गच्चीत नेऊन हलकी आपटते, मऊ ब्रश फिरवते आणि मग नळाखाली उलटी धरते. उलटी धरणं महत्त्वाचं. धूळ ज्या बाजूनं आली त्याच बाजूनं परत गेली पाहिजे. सुलट्या बाजूनं धार सोडली तर ती भोकांत ठासून बसते. पहिल्यांदा काळपट पाणी येतं, ओल्या धुळीचा जुन्या कपाटातून यावा तसला वास येतो, मग पाणी राखाडी होतं, मग स्वच्छ. वाळवायची सावलीत. आमच्या उन्हात प्लॅस्टिक टिकत नाही. आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत लावायची नाही, ओल राहिली की बुरशी धरते आणि मग तो कुबट वास रात्रभर खोलीत फिरतो.

आई होती तेव्हा घरातल्या सगळ्या जाळ्या तिच्या ताब्यात होत्या. पिठाची चाळण, रव्याची चाळण, चहाची गाळणी, नळाला बांधलेलं पाणी गाळायचं फडकं, खिडक्यांच्या डासांच्या जाळ्या. कुठली कधी धुवायची हे तिच्या हाताला ठाऊक होतं. त्या जाळ्या कुणासाठी आहेत हा प्रश्न कुणाला पडला नसता. फडकं पाण्याच्या भांड्यासाठी नव्हतं, पिणाऱ्यासाठी होतं. आणि रोज सकाळी केर काढताना धूळ डोळ्यांसमोर सुपलीत यायची, बाहेर जायची. आता दारं-खिडक्या बंद असतात, केर निघतो तो थोडासाच, आणि उरलेली धूळ डोक्यावर एका पांढऱ्या झाकणामागे साचत राहते. ते झाकण उघडलं तरच कळतं.

"मशीनसाठी" म्हटल्यावर मला आजोबा आठवले. नागपुरातल्या एका कापड गिरणीत ते कार्डिंग खात्यात होते. कापूस पिंजून त्याची पेळू (सूत कातण्याआधीची सैल वळी) होते ते खातं, गिरणीतल्या सर्वांत धुळकट खात्यांपैकी एक. मी लहान असताना ते निवृत्त झाले होते, पण खोकला निवृत्त झाला नव्हता. बाबा सांगतात, कामावर जात असताना आजोबांची छाती सोमवारी जास्त भरायची. रविवारी बरं वाटायचं, सोमवारी भोंगा वाजून खात्यात पाऊल टाकलं की संध्याकाळपर्यंत श्वास जड. मग आठवडाभर शरीर सरावायचं. घरात सगळ्यांना वाटायचं, सुट्टीनंतर कामाचा कंटाळा येतो म्हणून. कितीतरी वर्षांनी मी वाचलं की कापसाच्या धुळीनं होणाऱ्या बिसिनोसिस या रोगाची खूणच ती आहे. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यातल्या नोंद करायच्या रोगांच्या यादीत त्याचं नाव होतं. आजोबांच्या कुठल्याही कागदावर मला ते नाव सापडलं नाही.

नागपूर आणि गिरणी म्हटलं की एम्प्रेस मिल आलीच. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी ती सुरू केली. आज तिच्या जागेवर मॉल आहे आणि पोरं तिथे पिझ्झा खायला जातात. या मिलमध्ये हवेतला दमटपणा राखणारी यंत्रं फार लवकर बसवली गेली, देशातली पहिली म्हणून त्यांचा उल्लेख होतो. कारण उघड आहे. विदर्भाची हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी की सूत तटातट तुटणार. हवेत पाणी सोडलं की सूत टिकतं, आणि पाणी सोडलं की हवा थोडी गारही होते. तेव्हा गिरणीत जो काही गारवा असेल तो आधी दोऱ्यासाठी होता, दोऱ्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला तो जाता जाता मिळत असे. जमशेटजींनी कामगारांसाठी त्या काळात पेन्शन फंडही काढला, हे खरंच मोठं काम. पण मी इथे हवेबद्दल बोलते आहे.

आणि हे फक्त नागपूरचं नाही. १९०२ साली न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात एक छापखाना होता. उन्हाळ्याच्या दमट दिवसांत तिथला कागद फुगायचा, कोरड्या दिवसांत आकसायचा. रंगीत छपाईत एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवायचे असतात, कागदानं मापच बदललं तर लाल एकीकडे आणि निळा दुसरीकडे. विलिस कॅरिअर नावाच्या तरुण अभियंत्याला हे सोडवायला सांगितलं. थंड पाणी खेळवलेल्या नळ्यांवरून हवा फिरवून तिचा दमटपणा ताब्यात ठेवणारं यंत्र त्यानं आखलं. आजच्या एसीची वंशावळ तिथून सुरू होते. माणसाला उकडतं म्हणून ते यंत्र जन्मलं नाही. कागद नीट राहावा म्हणून जन्मलं. छापखान्यातल्या माणसांनी त्या हवेत बरं वाटतं म्हटलं असेल, आणि पुढे थिएटरं, दुकानं, आगगाडीचे डबे, शेवटी घरं. माझ्या बाबांच्या डोक्यावरच्या खोक्यापर्यंत ही वाट आली, तरी मूळचा स्वभाव तिनं सोडलेला नाही. तापमान आकड्यात दिसतं. काही मॉडेलांत फिल्टर धुवायची आठवण देणारा दिवा लागतो, तोही बहुतेकदा यंत्र किती तास चाललं ते मोजून. त्या खोलीत झोपलेला माणूस कसल्या हवेत श्वास घेतोय हे सांगणारा दिवा साध्या एसीत नसतो.

नागपूरच्या माणसाला गारव्याची दुसरी एक रीत माहीत आहे, म्हणूनही हे मला खटकत असेल. आमच्याकडे होळी झाली की कूलर बाहेर निघतात. पत्र्याचा उभा कूलर, तीन बाजूंच्या दारांत गवत, खाली टाकी, पंप गवतावर पाणी सोडतो, पंखा बाहेरची कोरडी झळ त्या ओल्या गवतातून ओढून आत फेकतो. दर वर्षी बाबा आणि भाऊ जुनं गवत काढून टाकत. क्षारांनी पांढरं आणि कडक झालेलं, मातीनं तपकिरी. नव्या गवताचा पहिल्या दिवसाचा वास घरभर. ज्यांना परवडायचं ते खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावत, त्यांच्या घरावरून जाताना रस्त्यावरही तो वास यायचा. मे महिन्यात, नवतपात, म्हणजे मेअखेरीच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत, इथला पारा ४७ अंशांच्या पुढे गेल्याची नोंद आहे. अशा दिवशी कूलरसमोर ओल्या केसांनी बसलं की जे वाटायचं ते कुठल्याही एसीनं मला कधी दिलेलं नाही. आणि कूलरची अट एसीच्या बरोबर उलटी. समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर दमट हवा आतच कोंडते आणि गारवा मरतो. कूलरमध्ये हवा बाहेरून येते, घरातून जाते, बाहेर पडते. जाता जाता तिची जाडी धूळ ओलं गवत धरून ठेवतं. एसी घरातलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. आमच्या खोलीतला स्प्लिट एसी बाहेरून एक घोटभरही ताजी हवा आत घेत नाही. पुष्कळांना वाटतं की गच्चीवरचं ते दुसरं खोकं बाहेरची हवा ओढून आत पाठवतं. ते फक्त आतली उष्णता बाहेर टाकतं.

कूलरचे गोडवे गाऊन थांबणं मात्र खोटेपणा होईल. टाकीचं पाणी आठवडाभर बदललं नाही तर त्यात डासांच्या अळ्या होतात आणि डेंग्यू काय करतो हे आमच्या मोहल्ल्यानं पाहिलं आहे. पाणी लागतं ते वेगळंच, आणि आमच्या भागात मे महिन्यात टँकर येतात. जुलैत हवा दमट झाली की कूलर नुसता चिकचिकाट करतो. दम्याच्या माणसाला तो दमटपणा आणि गवताची बुरशी सोसत नाही. बाबांना सोसली नाही. कूलरच्या शेवटच्या उन्हाळ्यात ते रात्री उठून बसायचे, खांदे वर, दोन्ही हात पलंगाच्या कडेवर टेकलेले, इनहेलरचा डबा मांडीवर. एसी आला आणि ते झोपायला लागले. म्हणून मी या यंत्राशी भांडत नाही. त्यानं माझ्या बापाला झोप दिली आहे. पण झोपलेल्या माणसाच्या नाकापुढची हवा बघणं हे त्या यंत्राचं काम नाही, हे आता मला कळलं आहे, आणि ते काम उरतंच. ते कुणीतरी करावं लागतं.

बंद खोलीत दोन माणसं रात्रभर झोपली तर पहाटेपर्यंत हवेतला कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या चौपट-पाचपट होऊ शकतो. बाहेर तो दहा लाख भागांत साधारण ४२० भाग असतो, आत दोन हजारांवर जातो. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, झोप झाली तरी झाली नाहीशी वाटणं, यात त्याचाही वाटा असू शकतो. उपाय साधा, खिडकी उघडणं. पण खिडकीबाहेर काय आहे? शहरभर सिमेंटचे रस्ते झाले, मेट्रोचे खांब उभे राहिले, प्रत्येक चौकात काहीतरी खणलेलं आणि काहीतरी बुजवलेलं. उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याला कोळशावरची वीजकेंद्रं. आपण एसी लावतो, त्या विजेचा मोठा भाग कोळसा जाळूनच येतो, आणि जाळलेल्या कोळशाचं उरलेलं हवेत आणि राखेच्या तलावांत राहतं. अडीच मायक्रॉनच्या कणांसाठी आपल्या देशाची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. या दोन आकड्यांमधलं अंतर दम्याच्या माणसाला आपल्या छातीनं मोजावं लागतं.

म्हणून आमच्या घरात खिडकीचं वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं. उन्हाळ्यात पहाटे साडेचार-पाचला, वारा थोडा गार असतो आणि रस्ता निजलेला असतो तेव्हा, बाबांच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या आणि समोरचं दार उघडायचं. आरपार वारा पाहिजे, एकच खिडकी उघडून भागत नाही. साडेसातला बंद. हिवाळ्यात नेमकं उलटं. डिसेंबर-जानेवारीत पहाटेची गार हवा जमिनीलगत दबून राहते, वर जाऊ शकत नाही, आणि रात्रीचा सगळा धूर तिच्यात अडकलेला असतो. शेकोट्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा, गाड्यांचा. सकाळचं धुकं पाहून "किती छान" म्हणणारे मॉर्निंग वॉकला जातात त्या वेळेस बाबांची खिडकी बंद असते. ती उघडते दुपारी एक ते चार. बाबांचा एसी गार-गरम दोन्ही देणारा आहे. पारा आठ-नऊवर उतरला की आम्ही तो उष्णतेवर लावतो. हिवाळ्यात पहिल्यांदा लावतानाही आधी जाळी धुवायची, कारण गरम कॉइलवर राहिलेली धूळ तापली की भाजक्या मातीचा, थोडा करपट वास सुटतो आणि बाबा लगेच खोकतात. त्यांचं नाक माझ्यापेक्षा कितीतरी तिखट आहे. जाळी धुतली आहे की नाही हे ते डोळे मिटून सांगतात.

त्या सर्व्हिसिंगच्या मुलाबद्दलही सांगायचं आहे. जेट पंपाची धार कॉइलवर मारतो तेव्हा त्याचं तोंड युनिटपासून हातभर अंतरावर असतं. काळं पाणी उडतं, फेस उडतो, बुरशीचा वास येतो. नाकाला दुपट्टा बांधलेला असतो, तो दहा मिनिटांत ओला होऊन खाली घसरतो. मी त्याला एन-९५ मास्क दिला तर म्हणाला, "ताई, पाण्यात हा टिकत नाही, ओला झाला की श्वासच जात नाही." ते बरोबर आहे. दिवसाला किती युनिट करतोस विचारलं तर सीझनमध्ये जितके मिळतील तितके म्हणाला. तो माझ्या घरी येतो तेव्हा बुटांवर निळी प्लॅस्टिकची पिशवी चढवतो. ग्राहकाची फरशी खराब होऊ नये म्हणून त्याला त्या मिळतात. ओलं होऊन चालेल असा रबराचा, बदलता येणाऱ्या फिल्टरचा मास्क बाजारात असतो, रंगकाम करणारे काही लोक तो वापरतात, तो मात्र त्याला कुणी दिलेला नाही. मला आजोबांचं कार्डिंग खातं आठवल्याशिवाय राहिलं नाही. आमच्या बिल्डिंगचं वर्षाचं सर्व्हिसिंगचं कंत्राट आता सगळ्यांचं मिळून होतं. त्यात असे दोन मास्क आणि डोळ्यांचे चष्मे बिल्डिंगच्या खर्चानं घ्यायचे, हा मुद्दा मी मांडला आहे. एका काकांनी विचारलं, आपण का द्यायचे, त्यांच्या मालकानं द्यावेत. मालकानं द्यावेत हे मलाही पटतं. तो देईपर्यंत त्या मुलानं काय ओढायचं, एवढंच मी त्यांना विचारलं. विषय पुढच्या बैठकीत आहे.

माझा भाऊ वर्धा रोडला नव्या टॉवरमध्ये राहतो. खिडक्या मोठ्या, काचेच्या, त्यातला उघडणारा भाग अगदी लहान. प्रत्येक खोलीत एसी बिल्डरनंच काढून दिलेल्या जागी बसवलेला, हवा यायच्या-जायच्या वाटेचा विचार कुणी केल्याचं दिसत नाही. त्याच्या दोन मुली एकाच खोलीत झोपतात. धाकटीला गेल्या हिवाळ्यापासून रात्री कोरडा खोकला आहे. मी त्याला आमचं खिडकीचं वेळापत्रक सांगितलं. तो म्हणाला, "ताई, समोर दुसरा टॉवर चढतोय, खिडकी उघडली की सिमेंटच घरात येतं." तेही खरं. त्यानं जाळ्या दर पंधरा दिवसांनी धुवायला सुरुवात केली आहे, आणि एसीच्या जाळीवर चिकटवायचा बारीक फिल्टरचा तुकडाही आणून लावला होता. तो मी काढायला लावला. एसीचा पंखा तेवढ्या दाट कापडातून हवा ओढण्याच्या ताकदीचा नसतो, हवा कमी झाली की कॉइलवर बर्फ धरतो, आणि कण अडवण्याचं कामही धड होत नाही. तीन दशांश मायक्रॉनचे कण शंभरातले जवळजवळ सगळे अडवणारा हेपा फिल्टर असतो, पण त्याला त्याच्या मापाचा स्वतंत्र पंखा लागतो. आता आम्ही मुलींच्या खोलीसाठी असं यंत्र बघतोय जे बाहेरची हवा अशा फिल्टरमधून गाळून आत सोडेल, म्हणजे खिडकी बंद ठेवूनही ताजी हवा येईल. भिंतीला एक गोल भोक पाडावं लागेल, त्याला सोसायटीची परवानगी हवी. हा फिल्टर नळाखाली धरून धुता येत नाही. भरला की टाकून नवाच घ्यावा लागतो, आणि तो स्वस्त नाही. भाऊ किमतीपाशी अडला होता. बाबांनी फोन मागून घेतला आणि त्याला सांगितलं, यंत्र तू घे, फिल्टरचे पैसे दर वर्षी माझ्या पेन्शनमधून जातील, पोरीला थांबवून ठेवू नको.